पहाटेचा संशयित

वैभवीने लॅपटॉपच्या पडद्यावर आपल्या सासऱ्यांना ओळखलं ते माकडटोपीवरून.

चोर कोण असू शकेल हे पोलिसांना आधीच सांगणारा प्रोग्रॅम तिची कंपनी चालवत होती. घरोघरच्या डोअरबेल कॅमेऱ्यांतली चित्रं जुळवून तो संशयितावर लाल ठिपका ठेवायचा. आज लंडनच्या वेम्बलीतला एक ठिपका तिच्याकडे तपासायला आला होता. रोज पहाटे येतो, चेहरा झाकलेला, हातात पिशवी, फाटकाशी थांबून इकडेतिकडे बघतो. तिने होकार दिला की उद्या त्याच्यासाठी पोलीस गल्लीत उभे राहणार.

अप्पा देव्हाऱ्यासमोर गंध उगाळत बसले होते. ताम्हनात लाल कॅमेलियाची फुलं. इंग्लंडात जास्वंदीची तहान कॅमेलियावर भागवायची, हे त्यांनी आल्या आल्याच ठरवलं होतं.

"अप्पा, ही फुलं कुठली?"

"कोपऱ्यावरच्या बाईंकडची. देवासाठी तोडलेलं फूल म्हणजे काही चोरी नव्हे."

"मग इकडेतिकडे काय बघत होता?"

अप्पा ओशाळले. "तुला कुणी सांगितलं?"

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! वैभवीला हसू आलं, पण उद्या पोलिसांनी यांनाच हटकलं असतं. कुणाला दाखवायची परवानगी नव्हती, तरी तिने लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला.

अप्पांनी चष्मा लावून स्वतःला नीट पाहिलं. "बराच वाकलोय गं मी."

"टेन्शन घेऊ नका. फॉल्स अलार्म म्हणून मार्क करते. आय नो ना, की हे तुम्ही आहात."

"आणि पडद्यावरचे हे बाकीचे लाल ठिपके?"

"ते मी कालच ओके केले. पोलिसांकडे गेलेसुद्धा."

"तुझ्या ओळखीचे होते?"

"नाही हो. मी कशी ओळखणार त्यांना?"

अप्पांनी एक फूल उचलून गणपतीच्या पायाशी ठेवलं, ते घसरलं, पुन्हा ठेवलं.

"त्यांच्याही घरी देव असतील, पोरी."

वैभवीचं बोट बटणावरच राहिलं. मग तिने कालचे ठिपके पुन्हा उघडले.