अर्थिंगचा खड्डा

इंदिरानगरच्या बंगल्यात हर्षलच्या विजेवरच्या गाडीसाठी चार्जिंगचे सॉकेट बसले. उरला तो अर्थिंगचा खड्डा. अंगणात मोकळी माती होती ती फक्त रामफळाच्या बुंध्याशी. ते झाड हर्षलच्या दिवंगत आईने बी रुजवून वाढवले होते. “खड्ड्यात मीठ-कोळसा भरावा लागतो,” वायरमन म्हणाला, “झाड नाही जगायचं, साहेब. त्यापेक्षा फरशी फोडू?” “छे! इटालियन आहे ती.” “हर्षल, तुझ्या आईचं एवढंच उरलंय रे,” वडील म्हणाले. “नाना, ही गाडी पर्यावरणासाठीच घेतली ना? थोडा त्याग करायला शिका.” या उदात्त युक्तिवादापुढे विधुराचा निभाव लागणे शक्यच नव्हते. खड्डा झाला, मिठाची गोणी रिकामी झाली. वायरमनने बजावले, “उन्हाळ्यात अर्थिंगला रोज बादलीभर पाणी हवं.” हर्षलने वडिलांच्या हाती बादली दिली. “नाना, नाहीतरी झाडाला रोज तुम्हीच पाणी घालता. चालू ठेवा.”