थोरलीची तयारी

थोरली सशीण स्वतःच्या छातीचे केस उपटत होती. तोंडभर उपटायची, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात नेऊन ठेवायची, की पुन्हा मान खाली. घड्याळजींनी आठवडाभर मऊ ब्रशने चमकवलेली तिची गळ्याखालची झालर बघता बघता उजाड झाली.

"अहो, प्रदर्शनाची गाडी आलीय. आणा तिला," बायको दारातून म्हणाली.

"काय आणू? केस उपटून घरटं करतेय. हिला पिल्लं होणारेत. आजच."

"अगंबाई! कुणापासून?"

घड्याळजींनी शेजारच्या पिंजऱ्याकडे बघितलं. थोरली एकटी खाईना म्हणून बायकोनं बाजारातून एक लहानसा ससा सोबतीला आणला होता. नर की मादी हे विचारायला लोक लांबून घड्याळजींकडे ससे घेऊन येत. त्यांनी तो उताणा धरला आणि चष्मा न लावताच 'मादी' म्हणून निकाल दिला. महिनाभर थोरलीकडे सुखानं नांदलेली ती धाकटी आता निवांत गवत चघळत होती.

"पण तुम्हीच बघितलं होतं ना?"

मोठ्या चणीच्या एका जुन्या जातीची थोरली ही शेवटची मादी. एक म्हातारे गृहस्थ त्याच जातीचा उरलेला एकुलता नर घेऊन प्रदर्शनाला यायचे होते. बक्षीस गेलं खड्ड्यात, जोडी लावायची ठरली होती. थोरलीचं वय झालेलं, यानंतर तिला दुसरं वेत झेपणारं नव्हतं. आणि हे वेत बाजारातल्या बुटक्याचं.

त्यांनी हात घालून थोरलीचं तोंड धरलं. "थांब गं बाई. थांब ना." ती जन्मात कुणाला चावली नव्हती, ती कडकडून चावली. हात सुटला तशी पुन्हा उपटायला लागली. घड्याळजी मटकन खाली बसले. त्यांना रडू यायला लागलं.

बाहेर हॉर्न वाजला. "गाडीवाल्याला काय सांगू?"

"जा म्हणावं."

बायको सांगून परत आली, तर घड्याळजी गुडघ्यांवर रांगत पिंजऱ्याच्या जाळीतून खाली गळलेले केस वेचत होते. मूठ भरली की थोरलीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवत होते.

"आता हे कशाला?"

"गारठा आहे," ते म्हणाले. "आणि तिच्या अंगावर आता उरलेत कुठे?"