‘कै.’चा कंस
निजामपुऱ्यातल्या छापखान्यासाठी मी लग्नपत्रिकेचा प्रोग्रॅम लिहिला होता: मजकूर ठरलेला, नावांच्या जागी कंस, आणि प्रत्येक कंसात क्रमाने दिलेला शब्द जाऊन बसणार. आज नवरदेवाच्या दिवंगत आजोबांसाठी ‘कै.’चा कंस वाढवला आणि पुढच्या सगळ्यांचे क्रमांक सरकले. फुगीर मॉनिटरवर प्रूफ पाहून नवरदेवाचे वडील काळूराम गोंधळले. “कैलासवासी काळूराम? मी तं हाय ना अजून?” वर आजोबांचं नाव ‘कै.’शिवाय होतं. मीही भांबावून कंस मोजत राहिलो. “‘कै.’ या नावाआधी हवं होतं,” आजोबांच्या नावावर बोट ठेवत मी पुटपुटलो. काळूरामांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या आईनं, आक्कानं, ते नाव दोनदा वाचायला लावलं. तिनं स्वतः ते कधी उच्चारलं नव्हतं. मग म्हणाली, “पोराचं काढ. ह्यांचं लावू नको. नातवाच्या हळदीला तं येऊ दे त्यांना.” रिकामा कंस प्रोग्रॅम घेईना. मी त्यात एक स्पेस टाकली.