टोकावरचे तीन टाके

तेरेमोआनाने चर्चच्या हॉलमधल्या लांब टेबलावर चादर पसरली ती उलटी. फुलं बघतो तो पाहुणा. शिवणाऱ्या बायका टाके बघतात. ऑकलंडच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात तिच्या भाचीला ही तिवाइवाइ, कापडी पानाफुलं टाचून शिवलेली चादर, सापडली होती. ‘आपल्याच बेटाची वाटते, कोणाची ते शोधा,’ एवढीच चिठ्ठी सोबत.

“तिवाइवाइ विकायची?” तुंगाने नावाची तिची मैत्रीण म्हणाली. “त्यापेक्षा आईला विकावं माणसानं!”

“तू आधी तेलकट हात पूस,” म्हाताऱ्या कुरामावशीने तिला दटावलं.

आकाइती मात्र केव्हाच चादरीवर ओणवी झाली होती. असल्या शोधाची तिला भारी हौस. एखाद्याचं अक्षर ओळखावं तसे बेटावरच्या निम्म्या बायकांचे हात ती टाक्यावरून सांगायची, आणि कोणाचे टाके ढिले आहेत हे न विचारताही सांगायची.

“डावखुरी आहे,” ती म्हणाली. “टाका उलटा कलतोय बघा. आणि सगळी चादर एकाच हाताची. एवढं काम एकटीनं? हिला मैत्रिणी नव्हत्या की काय?”

“भांडकुदळ असेल,” तुंगाने म्हणाली. “तुझ्यासारखी.”

“भांडकुदळ असून मला तुम्ही मिळालातच ना!” आकाइती हसली आणि एका पानाच्या टोकाशी थबकली. “हे काय? टोकाला तीन टाके, एकावर एक. प्रत्येक पानाला. ही कुठली रीत?”

कुरामावशीने चादरीवरचा हात काढून मांडीवर ठेवला होता.

“मावशी, तू ओळखलंयस. सांग ना.”

“याच टेबलावर ओरडायचे मी तिला,” कुरामावशी म्हणाली. “टोकाला एक टाका पुरतो गं, तीन कशाला दोरा घालवतेस? तर म्हणायची, टोकच आधी सुटतं.”

“पण कोण?”

“तुझी आई.”

आकाइती चार वर्षांची असताना तिची आई न्यूझीलंडला कारखान्यात कामाला गेली आणि त्याच हिवाळ्यात तिकडे वारली. बापाने असं सांगितलं होतं, आणि आकाइतीने त्यावर कधी प्रश्न विचारला नव्हता. जगभरच्या चौकशा करणाऱ्या बाईने ही एक चौकशी तेवढी केली नव्हती.

“जायच्या आधी शिवली असेल,” ती म्हणाली.

“इथे शिवली असती तर आम्ही शेजारी बसलो नसतो का?” कुरामावशी म्हणाली. “एकटीनं शिवली, म्हणजे तिकडेच.”

“एका हिवाळ्यात? एकटीनं? दोन वर्षांचं काम आहे हे.”

आपण काय बोललो ते आकाइतीला बोलल्यावर कळलं. ती खुर्चीवर बसली. तुंगाने तिची पाठ चोळू लागली आणि दुसरा हात, रिकामा राहवेना म्हणून, चादरीवरून फिरवत राहिली. मधल्या पानावर तो थांबला.

“इथे आत काहीतरी आहे गं. आणि एवढंच पान पांढऱ्या दोऱ्याने शिवलंय. बाकी सगळा हिरवा.”

तेरेमोआनाने लगेच कात्री उचलली. कुरामावशीने तिचं मनगट धरलं.

“दुसरीचा टाका आपण उसवत नाही. लेकीनं उसवायचा. नाहीतर राहू दे तसाच.”

राहू दिला असता तर ती आकाइती कसली! तिने चादर सुलटी केली आणि त्या पानाखाली कात्रीचं टोक घातलं. तीन टाके एकावर एक होते, सहजासहजी तुटेनात. शेवटी पान उचललं गेलं आणि आतून पिवळ्या रिबिनीने बांधलेली काळ्या कुरळ्या केसांची बट टेबलावर पडली.

चौघींपैकी कोणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही. याच हॉलमध्ये दर वर्षी दोन-तीन मुलं अशाच चादरीवर बसतात. जन्मापासून वाढवलेल्या केसांच्या बटा रिबिनींनी बांधायच्या आणि एकेका नातेवाइकानं एकेक कापायची. मुलगेच बसतात, मुली नाही. तेही चार-पाच वर्षांचे झाल्यावर.

“परक्याच्या पोराचे केस कोणी असे शिवून ठेवत नाही,” तेरेमोआना हळूच म्हणाली.

“म्हणजे जिवंत होती,” आकाइती म्हणाली. तिचा आवाज चढला. “मी इथे रविवारच्या रविवारी तिच्यासाठी रडत होते, आणि ती तिकडे पोराचे केस विंचरत होती. मला एक ओळ लिहिली नाही!”

“लिहिली असेल,” कुरामावशी म्हणाली. “पोस्टातून पत्रं कोण आणायचं तुमच्या घरी?”

बापच आणायचा. आकाइतीला मेलेल्या बापाचा राग आला, जिवंत राहिलेल्या आईचा आला, आणि मग ती लहान मुलीसारखी मोठ्याने रडली. मैत्रिणींनी रडू दिलं.

रडून झाल्यावर तिने बट उचलली. उजेडाकडे धरून ती तिने आधी एका बाजूने पाहिली, मग दुसऱ्या. आपल्या वेणीचं टोक पुढे ओढून तिच्याशेजारी धरलं.

“मावशी, केवढा असेल गं माझा भाऊ आता?”

कुरामावशीने बोटांवर मोजलं. “तू चौपन्नची. म्हणजे तो पन्नाशीला टेकला असेल.”

आकाइतीने नाक पुसलं आणि तेरेमोआनाकडे वळली.

“फोन लाव तुझ्या भाचीला. म्हणावं, दुकानदाराला विचार, ही चादर आणून देणाऱ्याला टक्कल होतं का?”