उदाहरणाची जागा

‘ट्रीझन’ या इंग्रजी शब्दापुढे कोशकार अण्णांनी ‘देशद्रोह’ असा अर्थ लिहिला आणि तिथंच त्यांचा हात थबकला. सरकारी शब्दकोशाचा नियम त्यांनीच घालून दिला होता: उदाहरण मनानं रचायचं नाही, वर्तमानपत्रात छापून आलेलंच घ्यायचं. या शब्दाच्या कात्रणांच्या पाकिटात निघालं एकच: ‘पुलाला तडे गेल्याचं लोकांना सांगणाऱ्या इंजिनिअर तरुणीवर ट्रीझनचा खटला.’

ती तरुणी अण्णांची धाकटी लेक. आता सापडला की नाही बाप कात्रीत!

“अण्णा, पाचला पानं छापखान्यात जायचीत,” सहायक बाई हळूच म्हणाल्या. “डकवा आणि मोकळे व्हा. वरच्यांचं लक्ष आहे तुमच्यावर.”

“बाई, पोरगी खरं बोलली हो! बापानंच तिच्या कपाळी हा शब्द डकवला, तर देवाला कुठल्या तोंडानं हाक मारू?”

देवाचं नाव घेऊन त्यांनी उदाहरणाची जागा कोरी ठेवली आणि पानावर सही केली.

 

पुढच्या आवृत्तीत ती जागा भरली होती, अगदी अण्णांच्या नियमाप्रमाणे, छापून आलेल्या ओळीनं: ‘सरकारी शब्दकोशात जागा कोरी ठेवणाऱ्या कोशकारावर ट्रीझनचा खटला.’