शाळेचं सारवण

रतनबाई गेल्याचं वाडीत सगळ्यात आधी शाळेला कळलं. तिचा भाऊ अंबाजी तळेगावच्या दवाखान्यातून चालत आला. शाळा वाडीच्या तोंडाशीच. पोरं दिसली तसा तो पायरीवर बसला, तो उठलाच नाही. भिमाजी भातखाचरातून येईपर्यंत पोरं रडून मोकळी झाली होती. सोपान मास्तर डोळे पुसत उभा होता. बायको भिमाजीची, आणि रडायला तोच सगळ्यांच्या मागून पोचला. हे त्याच्या मनातून गेलं नाही.

शाळा म्हणजे त्याचाच जुना गोठा. रतनबाईनं हट्टानं बैल परड्यात बांधायला लावले आणि जागा पोरांना दिली. तेव्हापासून दर शनिवारी ती आधी शाळा सारवायची, मग उरलेल्या शेणात घर. भिमाजी धुसफुसला की म्हणायची, "आपलं घर काय पळून जातंय व्हय?"

दहाव्या दिवशी बायकांनी घर झाडून सारवून लख्ख केलं. संध्याकाळी भिमाजी चुलीपुढं बसला आणि त्याची नजर जमिनीवर गेली. रतनबाईची करंगळी कधीकाळी विळ्यानं कापली होती, ती वाकडीच राहिली. त्यामुळं तिच्या सारवणात तीन बोटांच्या रेघा जवळजवळ उमटायच्या आणि चौथी फटकून. आता चुलीपुढं सगळ्या रेघा सारख्या होत्या. माजघरात तशाच, ओट्यावर तशाच. त्याची भावजय झुंबरबाई, तिचा हात फिरला होता.

तो तसाच उठून शाळेत गेला. तिथं सुतकात कुणी काही केलं नव्हतं. भिंतीपासून दारापर्यंत रतनबाईचाच हात होता. राहिलं ते सगळं शाळेला राहिलं होतं. घरधन्याला काही नाही.

चार दिवसांनी झुंबरबाई शेणकाल्याची बादली घेऊन शाळेकडं आली. मागं मास्तर. भिमाजी दारात आडवा उभा राहिला.

"सरका भावजी. उंद्या दिपोटी यायचाय."

"येऊ दे. सारवायचं न्हाई."

दिपोटी म्हणजे शाळा तपासणारा साहेब. शाळा अजून जिल्हा बोर्डाची झाली नव्हती. साहेबाच्या मनास आली तर तो तिचं नाव वर पाठवणार. मग वर्षभर नीट चालवून दाखवायची, तेव्हा कुठं मान्यता.

"आबा," मास्तर म्हणाला, "जमिनीला भेगा पडल्यात. पोरांचे कपडे मातीनं भरतात. मागच्या खेपेला साहेबांनी सगळ्यात आधी जमीनच बघितली होती. खालच्या गावानंही शाळा मागितलीय. बोर्ड दोन्हीकडं देणार नाही."

"मग खालच्या गावाला द्या."

झुंबरबाईनं बादली खाली आदळली. "ती हुती तवा ह्या शाळेपायी तिच्याशी भांडायचात. आता तुमीच शाळा धरून बसलात व्हय? उंद्या सायेब मागं फिरला तर तिनं केलं ते समदं वाया."

भिमाजी दारातून थोडा बाजूला झाला. झुंबरबाईनं पदर खोचला आणि बादलीत हात घातला, तसा तो पुढं झाला.

"थांब वैनी. तुजा हात न्हाई लावायचा." त्यानं बादली ओढून घेतली. "मी सारवतो."

"आगं बया! गडीमाणूस सारवणार!" पाण्याला निघालेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"हसा," भिमाजी म्हणाला.

तिचं पुसायचंच असेल तर ते दुसऱ्या बाईच्या हातानं नको, एवढंच त्याला कळत होतं. भिंतीकडून सुरुवात करून तो गुडघ्यांवर मागं मागं सरकत आला. कुठं जाड झालं, कुठं पातळ. दर वेळी हात टेकवायच्या आधी तो थांबायचा. ऊन कललं तरी झुंबरबाई बाहेर बसून होती. खांबापाशी आल्यावर त्याचा हात चालेना. पाटाएवढी जागा तशीच ठेवून तो उरलेलं सारवून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी पोरं ओळीनं बसली. चिंगीची जागा खांबापाशी, ती सवयीनं तिकडं गेली.

"तितं न्हाई. सरक तिकडं!" भिमाजी खेकसला आणि स्वतःच तिथं मांडी घालून बसला. चिंगीचं तोंड एवढंसं झालं.

साहेब आला. त्यानं पाढे म्हणवून घेतले, नकाशावर तळेगाव-लोणावळा दाखवायला लावलं, कुडाच्या भिंती न्याहाळल्या. मग त्याची नजर पोरांच्या ओळीतल्या पांढऱ्या मिशांवर गेली.

"हे कितवीत?"

पोरं खिदळली. मास्तरचा चेहरा उतरला. "जागेचे मालक आहेत, साहेब. यांची मंडळी नुकतीच..."

साहेबानं मान हलवली. "उठा बाबा. मला जमीन बघायचीय."

"समदी बघा," भिमाजी म्हणाला. "येवढी नगा बघू."

तो उठला नाही. साहेब वाकला. धोतराच्या कडेला जुन्या, वाळलेल्या रेघा बाहेर आल्या होत्या. तीन जवळजवळ, एक फटकून. भिमाजीनं धोतराचा सोगा ओढून त्याही झाकल्या.

साहेबानं सरळ होऊन उरलेली जमीन बघितली. मग दाराशी जाऊन त्यानं पायांत जोडा घातला.

"शाळेचं नाव पाठवतो," तो मास्तरला म्हणाला. "खांबापाशी तेवढं सारवायचं राहिलंय."