अंगावरची शिलाई

"हलू नको वं दीपा. अंगावरच शिवलं म्हंजे माप बरोबर बसते," असं म्हणत माय लहानपणी दीपाच्या अंगातल्या फ्रॉकलाच खालून नवी पट्टी जोडायची.

आज यवतमाळच्या ऑफिसात दीपा चालू सर्व्हरला नवी डिस्क जोडत होती. कापूसखरेदीच्या नोंदींनी जुनी जागा काठोकाठ भरली होती. डबा घेऊन आलेली माय मागं उभी राहिली.

"बंद करून कर ना वं. करंट लागन."

"बंद केलं तर ढाणकीच्या केंद्रावर कापसाच्या गाड्या अडकतीन, माय. याच्या जागी लावाले दुसरं मशीन नाही."

जागा वाढली. नोंदी येतच राहिल्या. मायनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

"मापासाठी नव्हती शिवत वं मी. तुले बदलाले दुसरा फ्रॉकच नव्हता."